झाकणाला भोक पाडू नका: जुन्या कॉम्प्युटरवर नवा बोर्ड आणि उष्णतेचा हिशोब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. शाळेच्या भंगारातून सोडवलेला बीबीसी मायक्रो हा जुना ब्रिटिश कॉम्प्युटर तुमच्या मालवणच्या घरी पडवीत टेबलावर आहे आणि चालतोय. त्याला रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटर-बोर्डावरचा सेकंड प्रोसेसर, म्हणजे मूळ प्रोसेसरच्या जोडीला दुसरा, जोडायचाय आणि फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी एसडी कार्ड लावायचंय. मशीन चाळीस वर्षांचं, आत पंखा नाही, आणि मे महिन्यात माणसाला बसवत नाही असा उकाडा. त्यात नवे बोर्ड घातले तर आतल्या आयसी, म्हणजे चिपा, भाजून निघतील का, आणि झाकणाला मागून भोक पाडून पंखा बसवू का?

भोक पाडू नका. उष्णतेची भीती खरी आहे, पण तिची जागा वेगळी आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मी रत्नागिरीत तीसेक वर्षं दुरुस्तीच करतोय. टीव्ही, यूपीएस, कॉम्प्युटर, जे दारात येईल ते. १९८४ साली सरकारने शाळांसाठी ‘क्लास’ प्रकल्प काढला, त्यात हे बीबीसी मायक्रो भारतात आले. त्यांतली काही मशीन माझ्या टेबलावरून गेली आहेत, म्हणून हात जरा सैल सोडून लिहितो.

आधी उकाडा. एप्रिल-मेमध्ये आपला जीव नकोसा होतो तो घाम सुकत नाही म्हणून. आयसीला घाम येत नाही. तिला कळतं फक्त हवेचं तापमान, आणि ते आपल्याकडे समुद्राच्या कृपेने ३२-३४ अंशांच्या आसपास अडतं. हेच मशीन नागपुरात असतं तर मेच्या दुपारी ते चालू करताना मीही दोनदा विचार केला असता. साध्या व्यापारी दर्जाच्या आयसी भोवतालची हवा ७० अंशांपर्यंत गेली तरी चालाव्यात अशा बेताने बनवलेल्या असतात. खोली ३४, झाकणाखाली आणखी १०-१२ धरा, तरी चोवीसेक अंश हाताशी उरतात.

आता नव्या बोर्डांचा जमाखर्च. पाय झिरो हा छोटा बोर्ड सेकंड प्रोसेसर म्हणून चालतो तेव्हा एका वॅटच्या आसपास खातो. (यापुढे ‘पाय’ म्हणजे रास्पबेरीचा, आयसीच्या पायांना मी पिनाच म्हणेन, नाहीतर गोंधळ होईल.) एसडी कार्डाचा बोर्ड तर खिजगणतीतही नाही. उलट फ्लॉपी ड्राइव्ह गेला की मोटर आणि हेड मिळून काही वॅट वाचतात, आणि तेही याच मशीनच्या पॉवर सप्लायवरचे, कारण जुने ड्राइव्ह बऱ्याचदा खालच्या जादा सॉकेटमधूनच ५ आणि १२ व्होल्ट घेतात. तुमच्या मशीनमध्ये कोणी जुना रॉम बोर्ड (कायमचे प्रोग्रॅम साठवणाऱ्या चिपांचा) बसवला असेल तर तोही बघा. २७१२८ जातीची जुनी ईप्रॉम, म्हणजे अशीच एक चिप, काम करताना १०० मिलिअँपियरपर्यंत खाते आणि नुसती बसलेली असतानाही ४० पर्यंत. अशा आठ ईप्रॉमच्या जागी एक फ्लॅश चिप आली की आतली ऊब सरळ उतरते. पतसंस्थांमधले जुने एक्सटी जातीचे पीसी मी असेच थंड केले: वीस एमबीची हार्ड डिस्क काढायची, जी एकटी दहा-पंधरा वॅट खायची, आणि तिच्या जागी कॉम्पॅक्ट फ्लॅशचं मेमरी कार्ड. मालकांना वाटायचं मशीन बंदच आहे, कारण आवाज नाही.

म्हणजे नवा बोर्ड लावला की मशीन तापणारच, हे गृहीत धरू नका. वजाबाकीही करा.

पायचं तर आणखी एक आहे. त्याच्या आत जो एआरएम जातीचा प्रोसेसर आहे, त्याचं माहेर हेच मशीन. बीबीसी मायक्रो बनवणाऱ्या अ‍ॅकॉर्न कंपनीतल्या सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी तो आखला, आणि २६ एप्रिल १९८५ रोजी पहिली एआरएम चिप चालली ती बीबीसी मायक्रोला जोडलेल्या सेकंड प्रोसेसरच्या रूपातच. चिप महागड्या सिरॅमिकऐवजी स्वस्त प्लास्टिकच्या कवचात बसावी म्हणून तिची भूक एका वॅटच्या आत ठेवायची, असं त्यांनी ठरवलं होतं. प्रत्यक्षात फर्बर वीज मोजायला गेले तर मीटर शून्य दाखवत होता. बघतात तर चिपला वीजपुरवठाच जोडलेला नव्हता. बाकीच्या पिनांमधून झिरपणाऱ्या विजेवर ती चालली होती. तेव्हा तुमच्या बीबीसीला पाय जोडणं म्हणजे नातू आजोळी आल्यासारखं आहे, आणि नातू मिताहारी आहे. फक्त पाय झिरोच घ्या. पाय ३ किंवा ४ लावायचा मोह होईल. ते जोर लावला की चार-पाच वॅटच्या घरात जातात आणि ६५०२ ची, म्हणजे बीबीसीच्या मूळ प्रोसेसरची, नक्कल करायला तेवढी ताकद लागतही नाही.

तो बसवायचा कुठे, हे मात्र महत्त्वाचं. आंब्याच्या आढीत हात घातलाय ना? वरून पेंढा गार लागतो आणि आत मनगटापर्यंत हात गेला की ऊब लागते. बीबीसीच्या झाकणाखाली तसंच असतं. गरम हवा वर चढते, झाकणाच्या मागच्या बाजूच्या फटींतून बाहेर पडते आणि खालून थंड हवा येते, एवढ्यावरच सगळं चालतं. ट्यूबचं, म्हणजे सेकंड प्रोसेसर जोडायचं, कनेक्टर मशीनच्या पोटाखाली पुढच्या बाजूला आहे, म्हणजे सगळ्यांत थंड जागी. पाय तिथेच, आखूड पट्टी-केबलवर राहू द्या. नीटनेटकं दिसावं म्हणून काही जण तो आत आणून झाकणाच्या खालच्या बाजूला दुहेरी टेपने चिकटवतात. तिथे त्याला आढीतला आंबा करू नका. आणि त्या फटींवर टीव्ही ठेवू नका, शाळेत ठेवायचे तसा.

आता खरी जागा. एकूण वॅट कमी असले तरी एखादा दाणा चटका देण्याइतका तापू शकतो. तो बहुधा नव्या बोर्डावरचा तीन पिनांचा बारका रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज बांधून देणारा तुकडा, असतो. नव्या चिपा ३.३ व्होल्टवर चालतात आणि जुनं मशीन देतं ५. मधले १.७ व्होल्ट लिनियर रेग्युलेटर उष्णतेत जाळतो. बोर्ड अर्धा अँपियर घेत असेल तर ०.८५ वॅट, करंगळीच्या नखाएवढ्या तुकड्यात. त्याला थंड ठेवतो तो खालचा तांब्याचा पत्रा, आणि स्वस्त बोर्डावर तो पत्रा फार थोडा सोडलेला असतो. पायवर स्विचिंग रेग्युलेटर (जादा व्होल्ट असे न जाळणारा) असल्याने त्याला हा त्रास नाही. एफपीजीए (हव्या त्या सर्किटसारखी वागवता येणारी चिप) असलेले बोर्ड घेताना मात्र हा तुकडा शोधा. खूप तापत असेल तर त्याच्या जागी छोटं बक मॉड्यूल, म्हणजे स्विचिंग जातीचाच रेग्युलेटर, बसवता येतं. सिंक्लेअर स्पेक्ट्रम या त्याच काळातल्या घरगुती कॉम्प्युटरवाले नेमकं हेच करतात: ७८०५ हा ५ व्होल्टचा लिनियर रेग्युलेटर काढायचा, त्याच्या तीन भोकांत बसणारा स्विचिंग रेग्युलेटर घालायचा, आणि तो अ‍ॅल्युमिनियमचा मोठा पत्रा गार पडतो.

जुन्या बोर्डावरची तापणारी आयसी म्हणजे व्हिडिओ यूएलए, पडद्यावरचं चित्र तयार करणारी चिप. मूळ फेरांटी कंपनीची असेल तर तिच्यावर हीटसिंक (उष्णता पसरवणारा धातूचा तुकडा) चिकटवलेला असतो आणि ती जन्मापासूनच गरम आहे. त्यात नव्या बोर्डाचा दोष नाही. पुढे तिच्या जागी जी चिप आली ती थंड चालते, तिला हीटसिंकच नाही. तुमच्याकडे कोणती आहे ते बघा. जुनी असेल तर हीटसिंकला बोटाने हलकेच ढकला. इतक्या वर्षांत तो गोंद दमट हवेने पापुद्र्यासारखा सुटतो, आणि हीटसिंक खाली घसरून दोन आयसींच्या पिनांवर आडवा पडतो. तो पुन्हा लावताना दोन नळ्यांचा थर्मल इपॉक्सी वापरा. टेप नको, पावसाळ्यात टेप धरत नाही.

आता मला रोज दिसणारी गफलत. मशीन अर्ध्या तासाने अडकतं, लोक म्हणतात तापलं. नव्या बोर्डावर खापर फुटतं. बहुतेक वेळा मूळ असतं व्होल्टेजमध्ये. बीबीसीच्या पॉवर सप्लायमधून बोर्डाला सात वायरी येतात: तीन लाल, तीन काळ्या, एक जांभळी. प्रत्येकीच्या टोकाला पात्यासारखं ढकलून बसवायचं टर्मिनल. आपल्या हवेत ही पाती काळवंडतात. एका पात्यात ०.१ ओहम एवढा अडथळा झाला आणि त्यातून २ अँपियर जात असतील, तर ०.२ व्होल्ट तिथेच गळतात आणि पात्यावर ०.४ वॅटची शेगडी पेटते. तापल्याने ते आणखी काळवंडतं, अडथळा वाढतो. प्लास्टिकचं कवच आधी पिवळं, मग तपकिरी होतं. तो रंग दिसला की समजायचं. जुन्या आयसींना ४.७५ च्या खाली व्होल्टेज चालत नाही. सप्लायवर ५.० आहे म्हणून समाधान मानू नका. सप्लायपासून सगळ्यांत लांबच्या कोपऱ्यातली चौदा पिनांची एखादी साधी ७४ मालिकेतली आयसी धरा, तिच्या ७ आणि १४ नंबरच्या पिनांवर मीटर लावा, पाय जोडलेला आणि चालू असताना. ४.९ च्या वर असेल तर झोपा. कमी असेल तर पाती काढून बारीक पॉलिश पेपरने घासा, पक्कडीने किंचित आवळा, परत बसवा. त्याच बैठकीत सॉकेटमधल्या आयसी एकेक करून उचला, पिना खोडरबराने पुसा, आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हात फिरवा. निम्मी ‘तापलेली’ मशीन एवढ्यावर बरी होतात.

तापमान मोजायचं तर बोटाचा भरवसा धरू नका आणि त्या पिस्तुलासारख्या थर्मामीटरचाही आंधळेपणाने धरू नका. चकचकीत हीटसिंकवर तो भलताच कमी आकडा दाखवतो. वायरिंगवाल्यांच्या काळ्या टेपचा तुकडा आयसीवर चिकटवा आणि टेपवर नेम धरा. झाकण बंद ठेवून दोन तास चालवा, मग झाकण उघडून अर्ध्या मिनिटात आकडे घ्या. आयसीचा आकडा नुसता उपयोगाचा नाही. त्यातून खोलीचं तापमान वजा करा. तो फरक जवळपास कायम राहतो. डिसेंबरात खोली २६ आणि यूएलए ५७ असेल, तर फरक ३१. मेमध्ये खोली ३४ झाली की ती ६५ वर जाईल. मेची वाट बघायला नको. बोर्ड लावण्याआधी एकदा आणि नंतर एकदा फरक मोजा. दोन-तीन अंशांनी वाढला असेल तर विसरून जा. दहाने वाढला असेल तर बोर्डाची जागा चुकली आहे किंवा एखादा रेग्युलेटर जळतोय.

आता पंखा. मी का नको म्हणतो, ते माझ्याच चुकीवरून. १९९७ च्या सुमारास मिरकरवाड्याकडच्या एका ऑफिसात ४८६ प्रोसेसरचा पीसी होता. त्याला मी १०० मेगाहर्ट्झची डीएक्स४ चिप बसवली, मधल्या सॉकेटावर ५ चे ३.३ व्होल्ट करणारा रेग्युलेटर होता, आणि तो दोन वॅट सहज जाळायचा. हात लावला तर चटका. मी शहाणपणा करून पुढच्या बाजूला मोठा पंखा लावला, बाहेरची हवा आत फेकणारा. चिप झकास गार राहिली. दोन पावसाळे गेले आणि मशीन मेलं म्हणून परत आलं. उघडलं तर पंख्याच्या तोंडासमोरच्या आयसींच्या पिनांवर हिरवी-पांढरी पूड, रॅमच्या सॉकेटमधल्या पट्ट्या खाल्लेल्या, आणि बोर्डाची मागची बाजू जवळजवळ जशीच्या तशी. वाऱ्याची वाट कुणी बोर्डावर रेखून ठेवावी तशी दिसत होती. पंख्याच्या पात्यांवरून बोट फिरवलं, जिभेला लावलं. खारट.

दिवसा समुद्रावरून खारे वारे येतात, रात्री मतलई उलट जातात, हे आपण शाळेत घोकलेलं. त्या खाऱ्या वाऱ्यात खरोखर मीठ असतं, आणि पंखा म्हणजे ते मीठ आत ओढून बोर्डावर पसरायचं यंत्र. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साध्या मिठाला पाणी सुटतं, तुमच्या स्वयंपाकघरातल्या बरणीत सुटतं तसंच. समुद्राच्या मिठातले बाकीचे क्षार तर त्याच्याही आधी ओलावतात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपण जवळजवळ सतत त्या रेषेच्या वर असतो. ओलं मीठ, शेजारी ५ व्होल्ट, म्हणजे तांबं खायला सुरुवात.

आणि इथे थोडी ऊब आपल्या बाजूची आहे. जुलैतल्या एखाद्या दिवशी खोलीत २७ अंश आणि ९५ टक्के आर्द्रता असते. तीच हवा झाकणाखाली नुसती पाच अंशांनी तापली, ३२ झाली, की तिची आर्द्रता ७१-७२ टक्क्यांवर येते, म्हणजे मीठ पाणावण्याच्या रेषेखाली. सात अंशांनी तापली तर ६४ च्या आसपास. पूर्वी कॅमेरावाले पावसाळ्यात कपाटात झिरोचा दिवा लावून ठेवायचे, ते याचसाठी. तुमचं मशीन आपोआप स्वतःच तो दिवा आहे. पंखा लावून तुम्ही ती ऊब घालवाल आणि बदल्यात मीठ आणाल. म्हणून पावसाळ्यात मशीन महिनोन् महिने बंद ठेवण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा तासभर चालवा. झाल्यावर गार होऊ द्या, मग कापडी खोळ घाला. प्लास्टिकची नको, आत दव धरतं.

मशीन पडवीतून आतल्या खोलीत हलवता आलं तर एवढ्यानेच अर्धं काम होईल. नव्या बोर्डांना अ‍ॅक्रिलिक लॅकरचा पातळ फवारा द्या, कनेक्टर आणि कार्डाचा खाचा टेपने झाकून. एवढ्या पातळ थराने उष्णता अडत नाही. जुन्या बोर्डावर फवारू नका. सॉकेटमध्ये गेलं की वेगळाच ताप.

हो, आणि फटी बघा. कुंभारीण माशीला बीबीसीच्या फटी फार आवडतात. मातीची घरटी करून ती एकेक फट लिंपून टाकते, आणि मग हवा खेळायची कुठून? एका शाळेच्या मशीनमधून मी मूठभर माती आणि एक वाळलेली पाल काढली होती. तिथे यूएलए का तापतेय म्हणून लोक रॉम बदलत बसले होते. बारीक जाळी लावायची तर नायलॉनची लावा, लोखंडी गंजून बोर्डावर झडते.

शेवटी एक गोष्ट, जी करायची मात्र सगळ्यांत आधी. पॉवर सप्लायमध्ये मेन्सच्या बाजूला पिवळट पारदर्शक चौकोनी कपॅसिटर असतात, रिफा जातीचे. आत कागदाचे थर, बाहेर इपॉक्सी. इपॉक्सीला बारीक तडे जातात, त्यातून कागद ओलावा पितो, आणि एके दिवशी प्लग लावल्यावर पाच-दहा मिनिटांत फट्ट करून खोलीभर तपकिरी धूर. आपल्या हवेत तो दिवस लवकर येतो. लोकांना वाटतं नव्या बोर्डाने सप्लाय जाळला. प्लग काढून अर्धा तास थांबा, कारण आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट असतात. मीटर लावून ते उतरल्याची खात्री करा. याची सवय नसेल तर एसएमपीएस, म्हणजे असे पॉवर सप्लाय, दुरुस्त करणाऱ्याकडे न्या, अर्ध्या तासाचं काम आहे. त्याच मूल्याचे, एक्स२ दर्जाचे (मेन्सवर लावायचे), २७५ व्होल्ट एसीचे पॉलिप्रॉपिलीनचे कपॅसिटर घालून घ्या. मग काहीही न जोडता, झाकण बंद ठेवून दोन तास चालवा आणि वहीत पहिली ओळ लिहा: खोली किती, यूएलए किती, लांबच्या कोपऱ्यात व्होल्ट किती. पाय त्यानंतर.